अर्धा कॉम्प्युटर त्याचा, अर्धा माझा

आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर एकच, पण तो चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी दाखवायचा. वरची ओळ लिनक्सची, ती माझ्या नवऱ्याची. खालची विंडोजची, ती माझी. बाण खाली नेऊन एंटर दाबायला मी विसरले, की थोड्या वेळानं तो आपोआप नवऱ्याच्या बाजूनं सुरू व्हायचा आणि मला सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. वरची ओळ त्याचीच का, यावरून लग्नानंतरचं आमचं पहिलं खरं भांडण झालं.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर असला की 'आवो'च म्हणते. माझं माहेर कड्याचं, सासर नेकनूरचं, आणि या दोन्ही गावांत नवऱ्याला अरेतुरे करणारी बाई मी अजून बघितलेली नाही.

तो बीडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतो. सकाळच्या एसटीनं जातो, दुपार कलली की परत येतो. स्टुडिओ माझा. लग्नाआधी फोटोग्राफीचा कोर्स केला होता, तोच इथं कामाला आला. हळदीला, ओटीभरणाला बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर घुसला की बाया पदर सावरत बसतात, त्यामुळं आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणी येत राहिली. फोटो मी माझ्या बाजूला साफ करायची, अल्बम तिथंच जुळवायची. नवरा सुट्टीच्या दिवशी त्याच्या बाजूला जाऊन बसायचा. तिथं तो काय करायचा ते मला कधी नीट कळलं नाही. "फुकट हाय, व्हायरस न्हाई, आन बिघडलं तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येतंय," असं तो सांगायचा. त्यातलं तिसरं कारण त्याचं सगळ्यात लाडकं. मला कधी कधी वाटायचं, दुरुस्त करता यावं म्हणूनच हा ते बिघडवतो.

त्या वर्षीची गोष्ट सांगते. दसरा होऊन गेला होता. शेतांत सोयाबीनच्या मळण्या चालल्या होत्या आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या होत्या. आमच्याकडं या दिवसांत रस्त्यावर नुसत्या गाड्या दिसतात. ट्रकमध्ये पत्रे, भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि त्यावर बसलेली माणसं. गावं अर्धी रिकामी होतात. लग्नं नाहीत, बारशी नाहीत, म्हणून स्टुडिओतही सामसूम असते.

नवऱ्याला सुट्टी होती. सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "नवीन आवृत्ती आलीय." दुसऱ्या घरात 'पाहुणे आलेत' म्हणतात, तसं तो हे म्हणतो.

"आवो, आज नका," मी म्हणाले.

"आज काय काम हाय तुला?"

काम काहीच नव्हतं.

"माझी बाजू तेवढी नवीन करायची. तुझ्या बाजूला हातसुद्धा लागत न्हाई," तो म्हणाला आणि कॉम्प्युटरपुढं बसलासुद्धा. पडद्यावर पट्टी हळूहळू भरायला लागली. तो तिच्याकडं असा बघत होता, जसं कुणी चुलीवरच्या दुधाकडं बघतं.

पट्टी बरीच भरली होती आणि लाइट गेली.

तशा वेळी कॉम्प्युटरनं थोडा वेळ तग धरावा म्हणून खाली यूपीएसचा डबा असतो. आमचाही होता. पण त्याची बॅटरी उन्हाळ्यापासूनच आजारी होती. तो एकदा किंचाळला, दुसऱ्यांदा अर्धवट किंचाळला आणि गप्प झाला. त्याच्याबरोबर सगळंच गप्प झालं. नवरा हात माउसवर ठेवून तसाच बसून राहिला.

लाइट आली तेव्हा त्या दोन ओळी आल्या नाहीत. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं आणि त्याच्यापुढं एक रेघ नुसती लुकलुकत राहिली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ग्रब रेस्क्यू."

"मंजे?"

"मंजे..." त्यानं कान खाजवला. "आपण कुणाच्या बाजूनं जायचं, हे विचारणारा जो दारातला माणूस असतो ना, तोच मधी अडकलाय. वाचवा म्हणतोय."

"आन माझी बाजू?"

"आत सगळं जागच्या जागी आसंल. दार तेवढं बंद हाय."

'आसंल' हा शब्द मला आवडला नाही. चांगली चार-पाच लग्नं त्या दाराआड होती. दुसरीकडं उतरवून ठेवायची, ठेवायची म्हणत राहून गेली होती. त्यानं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. बिघाड आत वायरींमध्ये नाही हे त्यालाही कळत होतं, पण माणसाला काहीतरी उघडून बघावंसं वाटतं.

तेवढ्यात दारात एक पोरगी उभी राहिली. हातात पिशवी, नवं मंगळसूत्र, डोक्यावर पदर. मला चेहरा ओळखीचा वाटला, पण पटकन जुळेना.

"वळकलं न्हाई का ताई? पालीला माझ्या हळदीचे फोटो काडले व्हते न तुमी?"

मग आठवलं. वैशाखातलं लग्न. नवरदेवाकडच्यांनी आपला फोटोग्राफर आणला होता, अल्बमही त्यांच्याकडूनच झाला. पोरीच्या आईनं मला फक्त हळदीपुरतं आणि मांडवापुरतं बोलावलं होतं. 'फोटो सावकाश द्या, गडबड न्हाई,' असं तीच म्हणाली होती, आणि पुढं त्यांच्याकडूनही कुणी आलं नाही.

"आज संध्याकाळी आमची गाडी निगती," पोरगी म्हणाली. "कर्नाटकात. मला आईचा एक फोटो पायजे. दुसरे न्हाई दिले तरी चालंल."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो कॉम्प्युटरमागं उकिडवा बसलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिला खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मागून त्याचा आवाज आला, "गाडी निघायच्या आत देतो. तुमी काळजी करू नका."

माझ्या नजरेचा अर्थ त्याला कळला असणार, कारण तो लगेच चप्पल घालायला लागला.

त्याला एक पेनड्राइव्ह तयार करायचा होता. त्यात अख्खं लिनक्स भरायचं, कॉम्प्युटर त्याच्यावरून चालू करायचा आणि आत शिरून माझी बाजू उघडायची. पण तो पेनड्राइव्ह भरायला दुसरा चालू कॉम्प्युटर हवा. गावात कॉम्प्युटर क्लास एक, तो मळणीमुळं बंद, आणि क्लासचे सर शेतात. नवरा गाडीला किक मारून त्यांच्या शेताकडं गेला.

मी पोरीला आत बसवलं आणि चहा टाकला. मग भिंतीवरचे नवरानवरींचे फोटो बघत हळूहळू बोलायला लागली. तिला कळायला लागल्यापासून ती आईबापाबरोबर तोडीला जात होती. आधी झोळीत, मग कोपीत, म्हणजे तोडीवरच्या पाल्याच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायला, मग मोळ्या बांधायला. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं 'कोयता' म्हणतात. आता तिचा स्वतःचा कोयता झाला होता आणि सासरची टोळी दूर निघाली होती.

"आजवर एकदा बी आईबिगर न्हाई गेलते ताई," ती म्हणाली. "पहाटं उठवायला तीच आसायची. आता सासूबाई उठवतेल. त्या बी चांगल्या हायेत. पण आईचं कसं, आधी पायाला हात लावायची, मंग हाक मारायची."

"आई कुठं चाललीय?"

"कड्याकडं. गेली बी, परवाच."

मी म्हणाले, "कडा तर माझं माहेर."

ती एकदम पुढं सरकली. "तितं कोप्या कुठं आसतेत? पाणी जवळ हाय का? बाप तर तापानं बेजार हाय, ह्या साली गावातच ऱ्हायला. आई मामीसंगं गेलीय."

मी आठवून आठवून सांगितलं. थंडीच्या दिवसांत आमच्या घरापुढून उसाच्या बैलगाड्या जायच्या. आम्ही पोरं मागून पळत जाऊन ऊस ओढायचो आणि गाडीवरची बाई ओरडायच्या ऐवजी हसायची. कोप्या गावाबाहेर मोकळ्या रानात असायच्या. पाण्याचं मात्र मला सांगता आलं नाही. आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

चहा पिऊन ती बाजारात गेली. तिला चाळणी, काडेपेट्या आणि सासूसाठी अंगदुखीचं मलम घ्यायचं होतं. "येते मी परत," म्हणाली.

नवरा आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात सोयाबीनचा भुसा होता. मी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. तो शेतात पोचला तेव्हा मळणीयंत्र चालू होतं. आवाजात काही ऐकू येईना. सरांनी त्याला हातानं खूण केली, पोतं धर. ह्यानं धरलं. मग दुसरं. यंत्र थांबलं तेव्हा सर म्हणाले, "कावून आलते?" ह्यानं सांगितलं. तेव्हा सरांना आठवलं की किल्ली घरी खुंटीला आहे. मग घरी, मग क्लासात. "पर पोती धरली म्हणून सरांनी क्लासमधलं नेट बी वापरू दिलं," तो म्हणाला. चेहरा घामानं आणि धुळीनं भरलेला, पण डोळे चमकत होते. मला हसू आवरेना. रागावायचं ठरवलं होतं, ते तसंच राहिलं.

पेनड्राइव्ह लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर रंग आला. कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं, त्याच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ही बघ तुझी बाजू."

त्यानं उघडायला बघितलं, तर एक सूचना आली. ती वाचून तो माझ्याकडं वळला. "काल रात्री तू नीट बंद केलं नव्हतंस?"

"केलं होतं की. बटन दाबलं."

"त्या बटनानं तो झोपतोय, बंद न्हाई होत. आता झोपेतल्या माणसाच्या खिशात हात घालायचा म्हणतोय मी, तर हा म्हणतोय, बघू देतो, पण आत काही ठेवू देणार न्हाई. फक्त वाचता येतंय, लिहिता येणार न्हाई."

"मला लिहायचंय कुठं? काढायचेत."

"हां. बरोबर हाय की."

माझ्या बाजूला तो पहिल्यांदाच आत शिरत होता. माझ्या फोल्डरांची नावं मोठ्यानं वाचायला लागला. "नवीन. नवीन नवीन. नवीन शेवटचं. नवीन शेवटचं खरं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यात कुणी काही शोधावं कसं?"

"मला सापडतंय ना. 'नवीन शेवटचं'मधी 'पाली हळद' बघा."

होतं. सगळे फोटो होते. एक उघडला आणि पिवळ्या हळदीनं पडदा भरून गेला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि हाताचा भुसा माझ्या साडीला लागला.

पण एक अडचण माझी होती, त्याची नव्हती. फोटो छापायच्या आधी मी ते नेहमी साफ करते. आमच्याकडं साफ करणं म्हणजे गोरं करणं. लोक स्वतःच सांगतात, "ताई, जरा उजळ करा." उन्हात राबून काळवंडलेले चेहरे मी पडद्यावर घासूनपुसून उजळवते, कपाळाच्या रेघा मोडते, गालावरचे डाग पुसते. ते सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, ते झोपलेल्या बाजूला होतं. आता फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर घेऊन, ते कार्ड सरळ प्रिंटरच्या खाचेत घालायचं आणि जसे आहेत तसे छापायचे, एवढंच हातात होतं.

"असे कच्चे कसे द्यायचे?" मी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक न्हाई, ती एकटीच हाय. आन गाडी थांबणार न्हाई."

पहिला कागद प्रिंटरमधून हळूहळू बाहेर आला. मांडवाच्या मेढीला धरून पोरीची आई उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं भरलेले. कॅमेऱ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ती फोटोबाहेर बसलेल्या पोरीकडं बघत होती. रंग काळा, रापलेला. पदराखाली कपाळाची एक पट्टी मात्र उजळ, जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं. हा फोटो मीच काढला होता, पण त्या पट्टीकडं मी कधी बघितलं नव्हतं. एरवी तीच पट्टी मी बाकीच्या चेहऱ्याशी सारखी करून टाकली असती.

आम्ही आईचे आणि मायलेकींचे मिळून जेवढे बरे वाटले तेवढे छापले. पोरगी परत आली नव्हती. टोळ्यांच्या गाड्या फाट्यावरून निघतात, तिथं गाडी भरायला लागली असणार, आणि नव्या सुनेला तिथून हलता येत नसणार, हे माझ्या ध्यानात आलं. पाकीट पदरात गुंडाळून मी नवऱ्याच्या मागं गाडीवर बसले.

फाट्यावर ट्रक उभा होता. वर गाठोडी, पत्रे आणि माणसं चढलेली. मुकादम खालून नावं घेत होता. पोरगी वर एका ट्रंकेवर बसली होती, शेजारी सासू. मला बघितल्यावर ती उठून कठड्याशी आली आणि वाकून हात खाली केला. मी टाचा उंचावून पाकीट दिलं.

"रंग नीट करायला वेळ न्हाई मिळाला बाई," मी खालून ओरडले. "जरा काळे आलेत. परत आलात की चांगले करून देते."

तिनं पहिला फोटो काढला. बघत राहिली. मुकादम ओरडत होता, शेळी ओरडत होती, मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मला वाटलं, तिला आवडला नाही.

"काळी न्हाई ताई," ती म्हणाली. "माझी आई आशीच हाय."

मग तिनं तो सासूपुढं धरला. सासूनं लांब धरून, जवळ धरून बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, "आत्ता गं बया, हुबेहूब ईहीणबाई! आता बोलतेल की काय!" ट्रकातल्या बाया हसल्या. फोटो हातोहात मागं फिरायला लागला, तसं पोरगी घाबरून म्हणाली, "आवो, बोटं नका लावू, बोटं नका लावू." गाडी निघाली तेव्हा तो तिच्याकडं परत आला होता की नाही, हे मला दिसलं नाही. ती हात हलवत होती, त्यावरून आला असावा.

कॉम्प्युटर नीट व्हायला पुढं दोन सुट्ट्या गेल्या. नवऱ्यानं पेनड्राइव्हवरून आत जाऊन तो दारातला माणूस पुन्हा बसवला, त्याची अर्धवट राहिलेली नवीन आवृत्ती पुरी केली, आणि माझी बाजू जशीच्या तशी जागी झाली. त्यानंतर त्यानं पहिलं काम केलं ते यूपीएसची बॅटरी बदलायचं, आणि दुसरं, माझी सगळी लग्नं वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. उतरवताना फोल्डरांची नावं बदलायची फार इच्छा होती त्याला. मी बदलू दिली नाहीत.

गोरं करायचं काम काही सुटलं नाही. मी आता विचारते, "करू का राहू देऊ?" बहुतेक जण म्हणतात, करा. कुणी एखादी म्हणते, राहू द्या. धंदा आहे, लोक म्हणतील तसं करायचं.

संक्रांतीला मी माहेरी कड्याला गेले. नवराही होता. मायलेकींचा एक फोटो मी दुसऱ्यांदा छापून नेला होता, तसाच कच्चा. विचारत विचारत आम्ही कोप्यांपर्यंत पोचलो. पाणी बरंच लांब होतं, एवढं मी बघून घेतलं. पोरीची आई वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग फोटो घेतला. फोटोतल्या स्वतःकडं तिनं बघितलंच नाही. अंगठा पोरीच्या तोंडावरून फिरवत म्हणाली, "आता वाळली आसंल न?"

मला खोटं बोलवेना. "मी दसऱ्यानंतर बघितली न्हाई मावशी."

"मंग माजा बी काडा एक आन तिला धाडा. मी बरी हाय म्हणावं."

मी मोबाइल काढला. ती कोयता हातात घेऊन उभी राहिली, मग तिला ते बरं वाटेना म्हणून तो खाली ठेवला, पदर कपाळावर ओढला आणि ताठ झाली. फोटो मी जावयाच्या नंबरवर पाठवला. तो नंबर पोरीच्या मामीच्या मोबाइलमध्ये होता.

संध्याकाळी आम्ही माहेरच्या ओट्यावर तिळगूळ खात बसलो होतो, तेव्हा मोबाइल वाजला. पोरीनं आवाज भरून पाठवला होता. मागं सळसळ आवाज येत होता, बहुतेक उसाच्या पाल्याचा. "ताई, आईला म्हणावं, तंबाखू सोडली म्हणालती न? मंग गाल कावून फुगलाय? मला सगळं दिसतंय."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी परत निघायच्या आधी आम्ही पुन्हा कोप्यांकडं गेलो आणि निरोप तिच्याच आवाजात ऐकवला. आईनं मोबाइल कानाशी धरून तो परत परत ऐकला, आणि गालातली तंबाखू हळूच बाजूला जाऊन थुंकून आली.